कुरुंदाचा डोंगर

व्हिसा केंद्रातल्या छोट्याशा काचेवर बाबांनी उजव्या हाताची चार बोटं ठेवली आणि पडद्यावर काहीच उमटलं नाही. "पुन्हा ठेवा काका," समोरची मुलगी म्हणाली. बाबांनी बोटं शर्टाला पुसून पुन्हा ठेवली. मग ओल्या कागदाने पुसून, मग जरा दाबून, मग एकेक करून. आमच्या बाकी तिघा मोठ्यांच्या वेळी पडद्यावर रेषांचे सुबक भोवरे उठले होते. बाबांच्या वेळी नुसते धुरकट ठिपके. मुलगी समजूतदार होती, पण मागे रांग वाढत होती आणि माझा जीव खालीवर होत होता. बाबा मात्र शांत. "आधारच्या वेळी पण असंच झालं होतं," ते तिला म्हणाले, "झिजलीत. पॉलिशचं काम होतं ना माझं."

बऱ्याच खटपटीनंतर ठसे घेतले गेले, व्हिसाही आला. तो शब्द मात्र माझ्या मनातून जाईना. झिजलीत. चप्पल झिजते, पायरी झिजते, तसं त्यांनी ते सहज सांगितलं होतं.

नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये बाबा ३२ वर्षं होते. आयटीआय करून लागले, आधी सरफेस ग्राइंडरवर, मग मोल्ड पॉलिशिंगला. गाड्यांच्या दिव्यांच्या प्लॅस्टिकच्या काचा ज्या पोलादी साच्यांत तयार होतात, ते साचे आरशासारखे करायचे. मशिनचं काम जिथे संपतं तिथून हाताचं सुरू होतं. एमरी पेपरची पट्टी लाकडाच्या चपट्या काडीला गुंडाळायची, रॉकेलचा थेंब टाकायचा आणि घासत बसायचं. १२० नंबर, मग २२०, ३२०, ४००, ६००, नंबर वाढेल तसा कागदाचा दाणा बारीक. नंबर बदलला की घासायची दिशाही बदलायची, म्हणजे आधीच्या नंबरचे ओरखडे आडवे पडून दिसतात. ते सगळे गेले की मगच पुढचा कागद हातात घ्यायचा. साच्यावर केसाएवढी रेघ राहिली तर ती त्यातून निघणाऱ्या हजारो काचांवर जशीच्या तशी उठते. म्हणून शेवटची खात्री बोटाने करायची. लहानपणी एकदा विश्वकर्मा पूजेच्या दिवशी मी कारखान्यात गेले होते, तेव्हा बाबा डोळे मिटून बोटाचं टोक पोलादावरून फिरवताना मी पाहिलं होतं. घरात आजी देवाच्या मूर्तीला गंध लावायची, तेवढं हळू.

संध्याकाळी ते घरी यायचे ते नखांच्या कडा काळ्या घेऊन. तिकडे सुटीची घंटा झाली की साबणाच्या चुऱ्यात लाकडाचा भुसा कालवून सगळे कामगार हात घासत. तरी काळं पूर्ण जायचं नाही.

त्यांच्या सत्तरीनिमित्त कुठेतरी लांब जायचं आम्ही ठरवलं, तेव्हा बाबांचं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी "तुम्ही ठरवा" हेच उत्तर आलं असतं. ग्रीसचा हट्ट माझ्या दहा वर्षांच्या लेकीचा. सँटोरिनीच्या पायऱ्या आईच्या गुडघ्यांना झेपणाऱ्या नव्हत्या आणि भाडी आमच्या खिशाला. नवऱ्याने नकाशा पुढे सरकवत नॅक्सोसवर बोट ठेवलं. सायक्लाडीस बेटांमधलं सगळ्यांत मोठं, सुमारे ४३० चौरस किलोमीटर, लांबच लांब वाळूचे किनारे आणि मध्ये डोंगर. तेवढ्यावर तिकिटं काढली. २०२४ चा ऑगस्ट होता, श्रावण नुकताच लागला होता. आईने बॅगेत साबुदाणा, दाण्याचं कूट, सैंधव आणि जिऱ्याची पुडी भरली.

अथेन्सच्या पिरेअस बंदरातून बोट सकाळी सुटली आणि दुपारी नॅक्सोसला लागली. वाटेत मेल्टेमी वारा होता, उन्हाळ्यात उत्तरेकडून येणारा, आकाश लख्ख निळं ठेवून माणसाला उडवून लावणारा. डेकवर बाबा कठड्याला धरून उभे होते. मी त्यांना सांगत होते की आपल्या भाषांतला 'यवन' हा शब्द या समुद्राच्या परिसरातल्या आयोनियन लोकांच्या नावावरून आलाय, आणि नॅक्सोस हे आयोनियन ग्रीकांचंच बेट होतं. बाबा म्हणाले, "आपल्या पांडवलेण्यात आहे की एक यवनाचं." खरंच आहे. नाशिकच्या १७ नंबरच्या लेण्यात लेख आहे, दत्तामित्री इथल्या धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त या योनकाने, म्हणजे यवनाने, ते लेणं कोरवून दिल्याचा. मी शाळेत असताना बाबाच मला तिथे घेऊन जायचे, रविवारी सकाळी, आणि भिंतीवरून हात फिरवत चालायचे. मला वाटायचं ते आधाराला भिंत धरतात.

बंदरात शिरताना डाव्या हाताला एका छोट्या खडकाळ टेकाडावर संगमरवरी चौकट उभी दिसते. फक्त चौकट. मागे भिंत नाही, छत नाही, आरपार आकाश. तिला पोर्तारा म्हणतात, म्हणजे मोठं दार. इसवी सन पूर्व ५३० च्या सुमारास लिग्डामिस नावाच्या इथल्या सत्ताधीशाने देवळाचं काम काढलं, त्याची सत्ता गेली आणि देऊळ अर्धंच राहिलं. पुढे व्हेनिसच्या सरदारांनी १२०७ नंतर इथे राज्य थाटलं, तेव्हा गावातल्या किल्ल्यासाठी या देवळाचे दगड नेले. चौकटीचे दगड इतके अवजड की ते जागचे हलले नाहीत. संध्याकाळी तिथे गेलो तेव्हा आई खाली ओट्यावर बसली आणि वर बघत म्हणाली, "चौकट पुजली असेल त्यांनी. घर राहून गेलं." आपल्याकडे घर बांधताना चौकट बसवली की हळदकुंकू वाहून नारळ फोडतात. तिच्या बोलण्यात हळहळ होती, शेजारच्या कुणाचं बांधकाम अडल्यासारखी.

पुढचे दिवस समुद्राचे होते. त्यांच्याविषयी काय सांगू? पाणी स्वच्छ होतं, लेक काळीभोर झाली, मी आणि नवरा कित्येक वर्षांनी दुपारी झोपलो. बाबा छत्रीखाली खुर्चीत बसून राहायचे. पाण्यात येत नव्हते, तक्रार करत नव्हते. कंटाळलात का विचारलं की "छान आहे" म्हणायचे. मला आतून टोचत होतं. एवढे पैसे घालून, एवढं लांब आणून आपण त्यांना फक्त खुर्ची बदलून दिली, असं वाटत होतं.

आमची खोली ज्यांच्या घरात होती त्या आजी ऐंशीच्या पुढच्या होत्या. ग्रीकमध्ये आजीला 'याया' म्हणतात, लेकीने पहिल्याच दिवशी ते उचललं. आईला एक शब्द ग्रीक येत नव्हता, यायांना एक शब्द मराठी नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून दोघी अंगणात भाजी निवडत बसू लागल्या. एकदा यायांनी चीज पुढे केलं, नॅक्सोसचं ग्राविएरा, इथल्या गाईंच्या दुधाचं. आईने घेतलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की याया स्वतः खात नाहीत. "निस्तीया," याया म्हणाल्या आणि बोटाने वर आकाशाकडे दाखवलं. मी फोनवर शोधून सांगितलं: १ ते १४ ऑगस्ट हे दिवस ऑर्थोडॉक्स लोक माता मेरीसाठी उपवास धरतात. मांस नाही, अंडं नाही, दूधदुभतं नाही. कडक पाळणारे सोमवार ते शुक्रवार तेलही टाळतात. १५ ऑगस्टला सण, मग सोडायचं. आईचा चेहरा उजळला. "म्हणजे यांचाही श्रावणच की!" ती म्हणाली. आणि त्यानंतर तिने यायांसमोर चीज खाल्लं नाही.

टॅव्हर्नामध्ये, म्हणजे तिथल्या खाणावळीत, 'निस्तीसिमो', उपासाचं, हा एकच शब्द उच्चारला की आईचं जेवण ठरून जायचं. टोमॅटोत भात भरून केलेले येमिस्ता, शिजवलेला घेवडा, वांगी, पिवळ्या डाळीचं घट्टसर फावा. परदेशात शाकाहारी माणसाला सॅलडवर दिवस काढावे लागतात असं आम्हाला सगळ्यांनी सांगितलं होतं. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात ग्रीसमध्ये जा, हे मी आता सगळ्यांना सांगते.

रविवारी गाडी घेऊन डोंगरात गेलो. फिलोती ओलांडून रस्ता झास पर्वताच्या कुशीतून चढतो. ग्रीक पुराणांतल्या झ्यूसचं नाव या डोंगराला आहे, उंची हजार मीटरच्या थोडी वर. दगडी बांधांची शेतं, ऑलिव्ह, घंटा वाजवणाऱ्या शेळ्या. आपिरान्थोस नावाच्या गावात गल्ल्यासुद्धा संगमरवराच्या आहेत, पावलांनी गुळगुळीत झालेल्या. इथले लोक यमक जुळवून दोन ओळींची गाणी तिथल्या तिथे रचतात, त्यांना 'कोत्साकिया' म्हणतात. हे ऐकून आईने गाडीत जात्यावरच्या ओव्या आठवून आठवून म्हटल्या. ते गाव तिला तेवढ्यासाठी लक्षात आहे.

बाबांना लक्षात आहे ते दुसऱ्याच कारणासाठी. मानोलिस ग्लेझोस याच गावचे. ३० मे १९४१ च्या रात्री, वयाच्या अठराव्या वर्षी, एका मित्राबरोबर अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर चढून नाझींचा झेंडा उतरवणारे. पुढे त्यांनी गावात भूशास्त्राचं एक छोटं संग्रहालय उभं केलं. आम्ही आत शिरलो ते उन्हापासून सुटका म्हणून. कपाटांमध्ये दगड मांडलेले. बाबा एका काळपट, जड दिसणाऱ्या दगडासमोर थांबले. त्यात चमकी होती, आपल्याकडच्या काळ्या पत्थरात नसते तशी. मी फोन धरून पाटी वाचली. "स्मिरीदा. एमरी."

"काय?" बाबा म्हणाले.

"एमरी, बाबा. एमरी पेपरमधला एमरी. या डोंगरात सापडतो. प्राचीन काळापासून इथून बाहेर जातोय."

बाबा खाली वाकले. काचेला नाक लागेल इतके जवळ. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मला वाटायचं हे कंपनीचं नाव असेल." ३२ वर्षं ज्याला रोज हात लावला, त्याचं गाव त्यांना त्या दिवशी कळलं.

लेकीने विचारलं, एमरी म्हणजे काय. आणि गेले तीन दिवस "छान आहे" एवढंच बोललेले माझे बाबा बोलू लागले. "कुरुंद. आपण कुरुंद म्हणतो. आमच्या गावात धारवाला यायचा, त्याचं चाक कुरुंदाचं असायचं. पट्टा पायाने ओढायचा, चाक फिरायचं, विळी टेकवली की ठिणग्या. हिऱ्याच्या खालोखाल कठीण. पोलाद कापतं, काच कापतं. माणिक आणि नीलम असतात ना, तीसुद्धा याचीच भावंडं." इंग्रजीतला कोरंडम हा शब्दही मूळ तमिळमधल्या कुरुंदम् वरून गेलाय, हे मी नंतर वाचलं. एमरी हा शब्द निघतो ग्रीक 'स्मिरिस' पासून. एमरी म्हणजे कुरुंद आणि लोहखनिज एकत्र घट्ट बसलेला खडक.

जवळच पुरातत्त्वाचं लहानसं संग्रहालय आहे. तिथे संगमरवराच्या बाहुल्या आहेत, हातांची घडी घातलेल्या, साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीच्या, वीतभर किंवा त्याहून लहान. धातूची हत्यारं दुर्मिळ असताना त्या घडवल्या गेल्या, याच डोंगरातल्या एमरीने घासून. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एकीच्या मांडीकडे बघत राहिले. "हे बघ," त्यांनी मला जवळ ओढलं, "इथे घासायची दिशा बदललीय. आडवं घासून मग उभं घेतलंय. बाईचा पाय गोल आलाय तो त्याच्यामुळे." मला काहीच दिसत नव्हतं. त्यांनी काचेवरच बोट फिरवून दाखवलं, आणि मग एक क्षण मलाही त्या पिवळट संगमरवरावर एक रेघ दिसली, कुणीतरी पुसायची विसरलेली.

तिथून अपोलोनासला गेलो. टेकडीवर जुन्या खाणीत एक पुतळा उताणा पडलाय, १०.७ मीटर लांब, अर्धवट, दाढीचा आकार कळेल इतपत. सव्वीसशे वर्षांपूर्वी खडकातून कोरायला घेतला आणि दगडाला भेगा गेल्यामुळे तिथेच सोडला, असं अभ्यासक मानतात. तो उचलून न्यायला कुणी आलं नाही. लोक त्याच्या छातीवर चढून फोटो काढत होते. बाबा त्याच्या पायांजवळ उकिडवे बसले. अंगावर सगळीकडे टाचणीने टोचल्यासारखे छिन्नीचे ठोके. "हे रफिंग," बाबा म्हणाले. "फिनिशिंगला आलाच नाही बिचारा." त्यांनी तळहात त्याच्या घोट्यावर ठेवला आणि काही वेळ तसाच राहू दिला. टूलरूममध्ये तडा गेलेला जॉब बाजूला ठेवताना किती जिवावर यायचं, हे ते मला पूर्वी सांगायचे. महिनाभराचं काम असायचं त्यात.

रात्री जेवण झाल्यावर, मुलगी झोपल्यावर, बाबा दाराशी आले. "उद्या समुद्रावर जायचं ठरलंय का?"

"हो. का?"

"नाही, तसं काही नाही. तो डोंगर बघायला मिळाला असता तर बरं झालं असतं."

मी चाळीस वर्षांची आहे. बाबांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. चहासुद्धा ते "झाला असेल तर" म्हणून घेतात.

सोमवार होता, श्रावणी सोमवार. आईचा उपास. सकाळी यायांनी परातभर बटाटे उकडले होते, नॅक्सोसचे. इथला बटाटा ग्रीसभर नावाजलेला आहे. तेल नाही, काही नाही, कारण त्यांचाही तो कडक दिवस. आईने बॅगेतून सैंधव आणि जिरं काढलं, तळहातावर चोळून एका बटाट्यावर भुरभुरलं आणि तो यायांच्या हातात दिला. यायांनी खाल्ला, डोळे मिटले, आणि पुडीकडे बोट दाखवलं. पुडी तिथेच राहिली. आम्ही निघालो तेव्हा आईच्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेले सहा बटाटे होते.

कोरोनोस हे डोंगराच्या उतारावर सांडलेलं पांढरं गाव आहे. तिथल्या काफेनिओत, म्हणजे गावच्या चहाकॉफीच्या अड्ड्यावर, चारपाच म्हातारे बसले होते. खाणींचा रस्ता विचारला तेव्हा त्यांतले एक उठून आमच्या टेबलावर आले. खाणीत काम केलेले. एमरीला ते 'स्मिरीग्ली' म्हणत. फोनमधल्या भाषांतरावर गप्पा सुरू झाल्या. मला वाटलं होतं बाबा दगडाविषयी विचारतील. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पगार रोजावर की वजनावर?"

वजनावर, ते म्हणाले. काढाल तेवढं.

"आणि धूळ? तोंडाला काही बांधायचं?"

त्यांनी हात उडवले. मग खिशातून रुमाल काढून नाकावर धरून दाखवला, एवढंच. बाबांनी मान डोलावली. ग्राइंडरवर असताना त्यांचंही एवढंच होतं.

मग कळत गेलं. या भागातल्या ठरावीक गावांच्या लोकांनाच इथला एमरी काढायचा हक्क आहे, पिढ्यान्‌पिढ्या. माल विकत घेणार सरकार. ही गोष्ट बाबांनी दोनदा विचारून पक्की केली. "म्हणजे डोंगर गावाचा? मालक नाही?" पूर्वीच्या काळी खडकाला झुडपांचा जाळ लावायचे, तापला की पाणी टाकायचे, म्हणजे तडकायचा. खेचरांवर लादून माल समुद्राकडे न्यायचे. १९२० च्या दशकात लोखंडी दोरमार्ग बांधला गेला, डोंगरातून मुत्सुना बंदरापर्यंत सुमारे नऊ किलोमीटर, खांबांवरून पाळणे लोंबकळत जायचे. जर्मन-इटालियन अमलात १९४१-४२ च्या हिवाळ्यात या गावांवर भूक कोसळली. शेती असलेल्या गावांत निदान पेरलेलं काहीतरी होतं. इथे सगळी कमाई दगडाची, आणि दगड घ्यायला कुणी येत नव्हतं. ते म्हातारे त्याविषयी फार बोलले नाहीत. त्यांनी बोटांवर घरातली माणसं मोजली आणि दोन बोटं मिटली.

बाकीचं काम कारखान्यांनी केलं. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड तयार केलं, मागोमाग कृत्रिम कुरुंदही भट्टीत होऊ लागला. स्वस्त, एकसारखा, हवा तेवढा. बाबांना हे मी सांगायची गरज नव्हती. "आमची व्हीलं सगळी भट्टीचीच," ते म्हणाले. "हिरवं व्हील, पांढरं व्हील. कागदाला नुसतं नाव राहिलं होतं एमरी." त्यांच्या टूलरूममध्येही शेवटी नवीन मशिनं आली, पॉलिशिंग बाहेर देऊ लागले, आणि बाबांनी व्हीआरएस घेतली. त्या पैशांतून माझं इंजिनिअरिंग पूर्ण झालं. हे त्यांनी त्या टेबलावर नाही सांगितलं. मला तिथे बसल्याबसल्या आठवलं, आणि कॉफी घशाखाली उतरेना.

कोरोनोसहून लिओनासच्या किनाऱ्याकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाणींची तोंडं आहेत. काहींना जाळ्या लावल्यात. एका तोंडाशी गंजलेल्या रुळांवर मालाची एक वाघीण उभी, आत गवत उगवलेलं. उन्हात सगळा उतार काळसर दिसत होता. वाटलं डांबर सांडलंय, पण तो चुरा होता. बाबा त्यावर चालत गेले आणि थांबून पायाखाली बघू लागले. मग त्यांनी लेकीकडे हात केला. "तुझा तो चुंबक दे."

लेकीच्या पर्समध्ये फ्रिजला लावायचा चुंबक होता, पोर्ताराचं चित्र असलेला, मैत्रिणीसाठी घेतलेला. बाबांनी मुठीएवढा एक दगड उचलला. दुसऱ्या हाताने चुंबक जवळ नेला आणि सोडला. चुंबक दगडाला चिकटून राहिला. "लोखंड आहे याच्यात," ते म्हणाले. लेक ओरडली. तिने मग पुढची वीस मिनिटं दिसेल त्या दगडाला चुंबक लावला. काहींना लागला, काहींवरून घसरला, आणि आजोबा प्रत्येकाचं कारण सांगत होते. बाबांनी त्यांचा दगड खाली ठेवला नाही. एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले, वजनाचा अंदाज घेत. मग एका मोडलेल्या बाजूवर, जिथे बारीक दाणे चमकत होते, तिथे अंगठा ठेवला. तोच अंगठा, काचेवर न उमटलेला. डोळे मिटले आणि हळूच फिरवला.

"किती नंबर?" मी विचारलं.

"साठचा असेल," ते म्हणाले. "फार तर ऐंशी."

नवरा म्हणाला, घ्या ना बाबा, आठवण म्हणून. बाबांनी दगड जिथून उचलला होता तिथे, त्याच खळगीत, त्याच बाजूने बसवला. "गावाचा आहे तो," ते म्हणाले.

मुत्सुनाला पोचेपर्यंत सूर्य डोंगरामागे गेला होता. पूर्वेचा किनारा, सावली लवकर येते. धक्क्यावर दोरमार्गाचं लोखंड अजून उभं आहे, पाळणे गंजून तांबूस झालेत, शेजारी माशांच्या होड्या. टॅव्हर्नामध्ये टेबलं मांडत होते. आईने पिशवीतून छोटी अगरबत्तीची पुडी काढली, वाऱ्याकडे बघून परत ठेवली, आणि समुद्राकडे तोंड करून नुसते हात जोडले. बेलपान नव्हतं. तिने ऑलिव्हचं एक पान खिशात ठेवलं होतं, सकाळी यायांच्या अंगणातलं. ते पाण्यात सोडलं.

बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. चार दिवसांत पहिल्यांदाच. पाण्यात दोन पावलं गेले, वाकले आणि हात बुडवले. हात काळे होते, नखांच्या कडांपर्यंत, रेषा नसलेल्या बोटांपर्यंत. त्यांनी खालची ओली वाळू मुठीत घेतली आणि घासायला लागले. आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग एकेक नख, मग मनगटं. घाई नव्हती. सुटीची घंटा झाल्यावर घासायचे तसे.

"या आता," आई धक्क्यावरून म्हणाली, फडकं सोडत. "बटाटे गार होतील. सोमवार सोडायचाय."

"आलो," बाबा म्हणाले, आणि अजून एक मूठ वाळू घेतली.